भाजल्याची तारीख आणि मळ्याचे नाव

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसले आहे, तर गोदावरीकाठचे नांदेड त्याहूनही सखल भागात आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाचा भरवसा नसतो. कॉफीच्या झाडाला हे हवामान मानवत नाही. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांत प्यायल्या जाणाऱ्या कॉफीचा दाणा न् दाणा बाहेरून आलेला असतो. तो कोणी पिकवला, कधी भाजला आणि पिकवणाऱ्याच्या हाती काय पडले, हे दुकानातील बहुतेक पाकिटांवरून कळत नाही. तुरीची प्रत आणि आडतीतला भाव यांची रोज चर्चा करणारा लातूरचा ग्राहक कॉफीच्या बाबतीत मात्र केवळ ब्रँडच्या नावावर विसंबून असतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशातील शहरांमध्ये कॉफी भाजून विकणारे लहान, बहुधा एकाच कुटुंबाने चालविलेले व्यवसाय उभे राहिले आहेत. ‘ताजी कॉफी’ आणि ‘न्याय्य खरेदी’ ही त्यांची दोन वचने असतात. ही वचने तपासता येतात का, आणि येत असतील तर कशी, याचा हा मागोवा.

रोस्टरी म्हणजे काय?

मळ्यातून आलेल्या कॉफीच्या कच्च्या, हिरवट बिया विकत घेणारी, त्या भाजणारी आणि अख्ख्या किंवा दळून विकणारी भट्टी म्हणजे रोस्टरी. लहान रोस्टरीत गॅसवर तापणारे, फिरते लोखंडी पिंप असते. एका घाण्यात काही किलोपासून पंधरा किलोपर्यंत बिया भाजल्या जातात. घरातील एक माणूस भट्टी सांभाळतो, दुसरा पाकिटे भरतो आणि तिसरा मागण्या पाहतो, असे या उद्योगाचे साधारण रूप असते.

बरणीत मिळणारी इन्स्टंट कॉफी याहून वेगळी. मोठ्या कारखान्यात भाजलेल्या कॉफीचा अर्क काढून तो वाळवला जातो आणि त्याची विरघळणारी पूड बनते. ती महिनोन्महिने टिकते, सर्वत्र सारखीच लागते आणि करायला सोपी असते. मराठवाड्यातील बहुतेक घरांत ‘कॉफी’ म्हणजे हीच पूड, भरपूर दूध-साखर आणि वरून किसलेले जायफळ. जायफळाचा दरवळ सुखद असतो. मात्र कॉफी जुनी झाली असेल तर तो ते झाकूनही टाकतो.

मुंबईतील जुन्या भट्ट्या

महाराष्ट्राला घरगुती कॉफी-भट्टी अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेस्तनजी एडलजी दलाल या पारशी तरुणाने मुंबईत कॉफी भाजून-दळून विकण्याचा लहानसा धंदा सुरू केला. ‘पोलसन’ हे नाव पुढे घरोघरी पोचले, आधी चिकोरी मिसळलेल्या ‘फ्रेंच कॉफी’मुळे आणि नंतर लोण्यामुळे. दलालांनी गुजरातेत आणंद येथे दुग्धालय उभारले. खेडा जिल्ह्यातील दूध मुंबईला पुरविण्याच्या व्यवहारात उत्पादकांना योग्य भाव मिळत नाही, या असंतोषातून १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले. त्यातून त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदली गेलेली सहकारी संस्था म्हणजेच पुढची ‘अमूल’. कुटुंबाचा धंदा, लहान सुरुवात आणि चांगला माल एवढ्याने उत्पादकाला न्याय मिळेलच असे नाही, हा धडा या इतिहासातच आहे.

मुंबईतील दुसरी परंपरा माटुंग्याची. विसाव्या शतकात तेथे स्थिरावलेल्या दक्षिण भारतीय कुटुंबांसाठी कॉफी पावडरची दुकाने निघाली. ‘मैसूर कन्सर्न्स’ हे त्यांतील एक जुने नाव. ग्राहकाने बियांचा प्रकार आणि चिकोरीचे प्रमाण सांगावे, दुकानदाराने समोर दळून द्यावे, अशी तेथील रीत. आठवड्यापुरती पावडर न्यायची आणि संपली की पुन्हा यायचे, या सवयीमुळे ताजेपणाची हमी वेगळी मागावी लागत नसे. बिया कोणत्या मळ्यातल्या, हे मात्र दुकानदारालाही सांगता येत नसे. त्याला कारण होते.

दुसऱ्या महायुद्धात निर्यात कोसळल्यावर १९४२ च्या कायद्याने कॉफीचा व्यापार कॉफी बोर्डाकडे आला. उत्पादकांनी आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करायचे आणि बोर्डाने ते लिलावाने विकायचे, अशी पद्धत अर्धे शतक चालली. या व्यवस्थेने बागायतदारांना आधार दिला. पण साठ्यात गेलेल्या बियांची ओळख पुसली जाई. १९९० च्या दशकात निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले आणि १९९६ पर्यंत सर्व उत्पादकांना आपली कॉफी हवी त्याला विकण्याची मुभा मिळाली. मळ्याचे नाव पाकिटावर छापणे तेव्हापासूनच शक्य झाले.

मळ्यापासून भट्टीपर्यंत

सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आजही देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात, प्रामुख्याने कोडगू, चिकमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. त्याखालोखाल केरळ आणि तामिळनाडूचा क्रम लागतो. देशाचे वार्षिक उत्पादन साडेतीन लाख टनांच्या आसपास असून त्यातील मोठा हिस्सा निर्यात होतो. मळा म्हटले की शेकडो एकरांची इस्टेट डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बहुसंख्य उत्पादक दहा हेक्टरांपेक्षा कमी जमीन असलेले लहान शेतकरी आहेत.

भारतात दोन जाती पिकतात. अरेबिका उंचावर, साधारण हजार मीटरच्या वर आणि थंड हवेत वाढते. तिची चव नाजूक, किंचित आंबटसर असते. रोबस्टा खालच्या उंचीवर येते, रोगांना अधिक तोंड देते आणि तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट असते. एकूण पिकात रोबस्टाचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. दोन्ही जाती सिल्व्हर ओक, पांगारा, फणस अशा झाडांच्या सावलीत वाढतात आणि त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात.

अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी आणि रोबस्टाची त्यानंतर होते. एका फांदीवरची सगळी फळे एकाच वेळी पिकत नाहीत. लाल झालेली तेवढीच हाताने वेचायची, तर एकाच झाडाकडे अनेकदा यावे लागते. मजुरी वाचवण्यासाठी हिरवी-लाल फळे एकदम ओरबाडली, तर कच्च्या फळांचा तुरटपणा कपात उतरतो. पाच ते सहा किलो फळांपासून जेमतेम एक किलो कच्ची बी मिळते. फळाचा गर काढून, बी धुऊन वाळवली तर तिला ‘पार्चमेंट’ आणि फळ तसेच उन्हात वाळवले तर ‘चेरी’ म्हणतात. टरफल काढून, आकारानुसार चाळून आणि डागी दाणे निवडून मग माल पोत्यांत भरला जातो. त्या वेळी बीतील ओलावा १० ते १२ टक्क्यांवर असावा लागतो; जास्त राहिला तर बुरशी धरते. डाळ मिलमध्ये तुरीचा ओलावा आणि चाळणी यांना जे महत्त्व, तेच येथेही.

ताजेपणाचे गणित

कच्ची बी कोरड्या, थंड जागी वर्षभर चांगली राहते. भाजल्यावर मात्र घड्याळ वेगाने धावू लागते. पिंपात बी आधी पिवळी, मग तपकिरी होते. तिचे तापमान दोनशे अंशांच्या जवळ आले की लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज होतो. याला पहिला तडा म्हणतात. त्याच्या थोडे पुढे थांबल्यास मळ्याची आणि वाणाची मूळ चव टिकते. बरेच पुढे, दुसऱ्या तड्यापर्यंत नेल्यास बी काळपट व तेलकट होते, कडवटपणा वाढतो आणि चांगल्या-वाईट मालातील फरक पुसट होतो. हलका माल खपवण्यासाठी तो जास्त भाजण्याची युक्ती त्यातूनच आली.

भाजलेल्या बीत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. पहिले काही दिवस तो बाहेर पडत राहतो. म्हणून चांगल्या पाकिटाला आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी एक छोटी झडप असते. भाजल्या दिवशीची कॉफी सर्वोत्तम, हा समज खरा नाही; चार-पाच दिवस मुरल्यावर तिची चव खुलते. त्यानंतर साधारण महिनाभर अख्खी बी चांगली राहते. मग हवेतील ऑक्सिजनमुळे सुगंधी द्रव्ये विरतात आणि तेले खवट होऊ लागतात. बी दळली की हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो आणि हाच ऱ्हास काही दिवसांत होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो आणखी जलद होतो.

लहान रोस्टरीचे खरे बळ येथे आहे. मोठ्या उत्पादकाचा माल कारखान्यातून गोदामात, तेथून वितरकाकडे आणि शेवटी किरकोळ दुकानाच्या फळीवर पोचेपर्यंत दिवस जातात. आठवड्याच्या मागणीपुरतेच भाजणारा उद्योजक हा काळ वाचवू शकतो. त्याची किंमतही त्याला मोजावी लागते. भाजताना पाणी उडून बीचे वजन सुमारे १२ ते २० टक्क्यांनी घटते. उदाहरणादाखल, ५०० रुपये किलोने घेतलेली कच्ची बी १६ टक्के घटली, तर भाजलेल्या एका किलोत केवळ कच्च्या मालाचेच सुमारे ५९५ रुपये पडतात. गॅस, वीज, पाकीट, जागा आणि कुटुंबाची मेहनत ही त्यावर.

न्याय्य भाव कशाला म्हणावे?

कॉफीचा भाव मळ्यात ठरत नाही. अरेबिकाचा न्यूयॉर्कच्या आणि रोबस्टाचा लंडनच्या वायदेबाजारात ठरतो. आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यात-कोट्याची पद्धत १९८९ मध्ये कोलमडली आणि भावांना असलेला आधार गेला. २००१ च्या सुमारास ते इतके घसरले की अनेक देशांत उत्पादनखर्चही निघेना. केरळच्या वायनाडमध्ये कॉफी आणि मिरी या दोन्हींचे भाव पडले आणि त्या वर्षांत कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तो जिल्हा हादरला. मराठवाड्याला या दुःखाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. त्याच काळात शहरांतल्या कॅफेमधील कपाचे दर मात्र चढेच राहिले.

या तफावतीवर पहिला संघटित उपाय नेदरलँड्समध्ये १९८८ साली झाला. मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांची कॉफी ठरावीक किमान भावाने घेऊन ‘मॅक्स हावेलार’ या मुद्रेखाली ती विकली गेली. जावा बेटावरील डच वसाहतीत कॉफी उत्पादकांच्या झालेल्या पिळवणुकीवर १८६० मध्ये निघालेल्या कादंबरीचे हे नाव. पुढे त्यातून फेअरट्रेड चळवळ उभी राहिली. तिने धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव २०२३ मध्ये पौंडाला १.४० डॉलरवरून १.८० डॉलरवर नेला. शिवाय सामूहिक कामांसाठी पौंडामागे २० सेंट दिले जातात.

दुसरा मार्ग थेट खरेदीचा. रोस्टरी मळ्याशी किंवा शेतकरी-संघाशी स्वतः व्यवहार करते आणि गुणवत्तेसाठी बाजारभावापेक्षा अधिक रक्कम देते. यात मधली साखळी तुटते. पण त्यावर देखरेख करणारी कोणतीही संस्था नसते. ‘आम्ही शेतकऱ्यांकडून थेट घेतो’ हे वाक्य छापायला परवाना लागत नाही. त्यामुळे भाव किती दिला आणि दरवर्षी त्याच मळ्याकडून खरेदी होते का, हे सांगण्याची तयारी हीच त्याची कसोटी ठरते. मळामालकाला चांगला भाव मिळाला म्हणजे तो वेचणाऱ्या मजुरापर्यंत पोचलाच, असेही नाही. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने निवारा आणि आरोग्याच्या सोयींची जबाबदारी मालकांवर टाकली. परंतु लहान मळे त्या कक्षेबाहेरच राहिले.

भाव चढल्यावर बांधिलकीची परीक्षा उलट्या बाजूने होते. ब्राझील आणि व्हिएतनाममधील प्रतिकूल हवामानामुळे २०२४ मध्ये रोबस्टाने विक्रमी पातळी गाठली, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची सीमा ओलांडली. शेतकऱ्याला अनेक वर्षांनी बरे दिवस आले. लहान रोस्टरीचे गणित मात्र अवघड झाले. अशा वेळी माल हलका करायचा, चिकोरी वाढवायची की भाववाढ ग्राहकाला मोकळेपणाने सांगायची, यावरून धंद्याची नीती दिसते.

अराकू, चिखलदरा आणि नागपूर

उत्पादक आणि भट्टी एकत्र आल्यास काय घडते, याचे उदाहरण आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात दिसते. हैदराबादच्या नांदी फाउंडेशनने तेथील आदिवासी शेतकऱ्यांना संघटित केले, सेंद्रिय लागवड आणि निवडक तोडणी यांचा आग्रह धरला. २०१७ मध्ये अराकू कॉफीचे दालन थेट पॅरिसमध्ये उघडले आणि २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले.

महाराष्ट्रात कॉफीसाठी नाव घेतले जाते ते मेळघाटातील चिखलदऱ्याचे. सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या या गावी ब्रिटिश काळापासून कॉफी लावली गेली आहे. हवा अनुकूल असूनही क्षेत्र अल्पच राहिले. बिया सोलून, चाळून, प्रतवारी लावणारी केंद्रे आणि त्यांच्याभोवतीची बाजारपेठ कर्नाटकात आहे, मेळघाटात नाही. कॉफी पिकते, पण तिला नाव देऊन विकणारी भट्टी जवळ नसली तर पीक प्रदेशाची ओळख बनत नाही. अराकू आणि चिखलदरा यांच्यातील अंतर प्रामुख्याने याच दुव्याचे आहे.

हा दुवा मळ्यापासून दूरच्या शहरातही उभा राहू शकतो. २०१३ मध्ये एका दांपत्याने दिल्लीत आपल्या घरातून सुरू केलेल्या ‘ब्लू टोकाई’ने पाकिटावर मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख छापण्याची रीत भारतीय ग्राहकाच्या अंगवळणी पाडली. आज ती अनेक शहरांत कॅफे असलेली मोठी कंपनी आहे. विदर्भात नागपूर येथे ‘कॉरिडॉर सेव्हन’ ही रोस्टरी आहे. कॉफी न पिकणाऱ्या आणि चहाच्या प्रदेशात असा व्यवसाय चालू शकतो, हे नागपूरने दाखवले आहे.

नांदेड-लातूरच्या ग्राहकासाठी

या दोन शहरांत शिकवणी आणि वसतिगृहांमुळे रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी वस्ती आहे. हैदराबाद संस्थानाच्या वारशातून आलेली चहाची सवय पक्की असली तरी कॉफीचा ग्राहक येथे आहे. धान्य निवडणे, वाळवणे, भाजणे आणि प्रतवारी लावणे यांचे कौशल्यही येथे पिढ्यान् पिढ्या आहे. येथे कोणी भट्टी घातली, अथवा बाहेरच्या रोस्टरीकडून टपालाने कॉफी मागवली, तरी पारखण्याच्या कसोट्या त्याच राहतात.

पहिली कसोटी तारखेची. ‘उत्पादन’ किंवा ‘मुदत’ यांखेरीज ‘भाजल्याची तारीख’ स्वतंत्र छापलेली असावी आणि ती महिनाभरापेक्षा जुनी नसावी. दुसरी कसोटी स्थळाची. ‘दक्षिण भारतातील निवडक मळे’ हे उत्तर नव्हे. मळा, गाव किंवा शेतकरी-संघ यांचे नाव असावे. तिसरी चिकोरीची. चिकोरी ही भाजलेल्या मुळाची पूड असून ती कॉफी नाही. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असणे आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापणे नियमाने बंधनकारक आहे. चिकोरी आवडत असेल तर ती घेण्यात गैर नाही; मात्र तिच्यासाठी कॉफीचा भाव मोजू नये. चौथी कसोटी उत्तराची. यंदा मळ्याला काय भाव दिला, हे दुकानदाराला विचारावे. जो खरोखर थेट खरेदी करतो त्याला हे उत्तर शोधावे लागत नाही.

घरी आणलेली बी हवाबंद डब्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवलेला डबा वारंवार उघडला तर आत दमटपणा धरतो. शक्यतो लागेल तेवढीच दळावी; खलबत्ता किंवा मिक्सरही कामचलाऊ ठरतो. कूपनलिकेच्या जड पाण्यात चांगली कॉफीही बोथट लागते, म्हणून गाळलेले, क्षार कमी असलेले पाणी वापरावे. दूध-साखर आणि जायफळ वर्ज्य नाहीत. फक्त एकदा ती न घालता घोट घेऊन पाहावा. बी ताजी असेल तर तेवढ्यावरही कळते.

शेवटी एक साधा हिशेब. एका कपाला १५ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे साधारण १८ ग्रॅम कच्ची बी. ५०० रुपये किलो या दराने तिचे नऊ रुपये होतात. कॅफेत त्याच कपाचे दोनशे रुपये मोजले, तर उरलेले भाडे, पगार, दूध, कर आणि नफ्यात जातात. शेतकऱ्याच्या नऊ रुपयांचे बारा झाले, तर ग्राहकाच्या खिशाला त्याची झळ फारशी लागत नाही; पण मळ्यातल्या घराचे उत्पन्न एक तृतीयांशाने वाढते. ते तीन रुपये खरोखर तेथवर पोचतात का, हे सांगू शकणारी व्यक्ती साखळीत एकच असते, ती म्हणजे बी विकत घेऊन भाजणारा. ग्राहकाने त्याला विचारले, तरच त्याला सांगावे लागेल.